मासे न खाणारे मूल आणि प्रथिनांचा हिशोब

रत्नागिरीसारख्या किनारपट्टीच्या जिल्ह्यात लहान मुलाच्या पोषणाचा विचार पहिल्या उष्ट्या भातापासूनच माशाशी जोडलेला असतो, त्यामुळे दीड-दोन वर्षांचे मूल मासे किंवा मटण तोंडात घेईनासे झाले की घरात जी चिंता शिरते ती भुकेची नसते, ताकदीची असते. आणि ‘ताकद’ या जुन्या शब्दाच्या जागी ‘प्रोटीन’ हा शब्द येऊन बसल्यापासून त्या चिंतेवर दुकानेही चालू लागली आहेत. अशा मुलाला प्रथिने कमी पडत असतील हे गृहीतच बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि त्या गृहीतापायी केलेले उपाय मुलाला जी खरी उणीव भासते ती वाढवितात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. लेखिकेला हे स्वतःच्या घरात, पैसे मोजून आणि मुलाच्या बोटातून रक्त काढून घेऊन शिकावे लागले, त्यामुळे विवेचनात कोठे कडवटपणा उतरला असल्यास तो अनवधानाने आलेला नाही.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांच्या साखळ्या असून शरीर त्या पचनात तोडते आणि त्यांतून स्नायू, रक्त, विकरे इत्यादी पुन्हा बांधते. यांपैकी काही अमिनो आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून ती अन्नातूनच यावी लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाची प्रथिनांची दैनंदिन गरज ११.३ ग्रॅम आहे, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम. त्याआधीच्या, २०१० सालच्या शिफारशींत हाच आकडा १६.७ ग्रॅम होता. तो खाली आला ही बातमी मात्र सल्ला देणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसल्याचे लेखिकेला आढळले. अकरा ग्रॅम म्हणजे किती, हे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे आठ ग्रॅम आणि कच्च्या पंचवीस ग्रॅम तूरडाळीत, अर्थात मुलाच्या वाटीभर घट्ट वरणात, पाच ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की वनस्पतीज प्रथिने अपुरी असतात. त्यात तथ्य इतकेच की तांदूळ-नाचणीसारख्या धान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळी-कडधान्यांत मेथिओनीन कमी असते. परंतु एकाची उणीव दुसरे भरून काढत असल्यामुळे वरणभात, कुळथाची पिठी आणि भात, उडीद-तांदळाची आंबोळी या जोड्या आपोआपच पूर्ण ठरतात, आणि सोबत थोडे दूध, दही किंवा अंडे असेल तर शंकेला जागा उरत नाही. शिवाय ज्या घरांत मासे न खाणाऱ्या मुलाविषयी हळहळ व्यक्त होते त्याच घरांत श्रावण कडक पाळला जातो, सोमवार आणि संकष्टी पाळली जाते, आणि जून-जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी पाटीत फारशी येत नाही. त्या काळात घरातील एकाही मुलाची ताकद कोणी मोजत नाही. हा युक्तिवाद लेखिकेने घरात एकदा मांडला होता, त्याला मिळालेले उत्तर असे होते की तो देवाचा भाग वेगळा.

घरातील पूर्वपीठिका सांगण्याचे कारण नाही, कारण ती मिरकरवाड्यापासून राजापूरपर्यंत सारखीच असते. मूल पावणेदोन वर्षांचे असताना मुडदुशाचा काटा त्याच्या हिरडीत टोचला आणि त्या दिवसापासून त्याने माशाचा वास आला की तोंड मिटण्यास सुरुवात केली. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण मराठीत राजकारणासाठी वापरली जाते. लेखिकेच्या घरात एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंनी ती शब्दशः अमलात आणली, आणि उघडलेल्या तोंडात बांगड्याचा घास गेल्यावर मुलाने तो घास, त्यापूर्वीचा भात आणि सकाळची पेज एकत्रच बाहेर काढली. बाईंचे म्हणणे असे पडले की आईचे मन घट्ट नाही. त्यानंतर चूक लेखिकेचीही झाली, हे नमूद करणे भाग आहे: मासा काटे काढून, कुस्करून, मऊभातात लपवून देण्याचा प्रयोग तिने स्वतः केला. तिसऱ्या घासाला मुलाने भातात बोट घालून करड्या रंगाचा एक तुकडा बाहेर काढला, तो उजेडाकडे धरून पाहिला, ताटलीच्या काठावर ठेवला, आणि पुढील चार दिवस भात खाल्ला नाही. जे एक अन्न मूल विश्वासाने खात होते त्यावरचाच विश्वास अशा लपवाछपवीने जातो, म्हणून हा मार्ग कोणीही अवलंबू नये.

या टप्प्यावर एका दवाखान्याशी संलग्न असलेल्या आहार-सल्लागार बाईंकडे मुलाला नेण्यात आले. त्यांनी वजन केले, ते वाढरेषेच्या मध्याखाली परंतु सामान्य पट्ट्यातच होते. तरीही ‘प्रोटीन डेफिशिअन्सी’ असे शब्द कागदावर लिहून त्यांनी टेबलाखालच्या कपाटातून एक डबा काढला आणि तो दुधातून दिवसातून तीनदा द्यावा असे सांगितले. मूल आणखी काय खाते-पिते, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. डब्यावर बारीक अक्षरांत ‘दोन वर्षांवरील मुलांसाठी’ असे छापलेले होते आणि मूल बावीस महिन्यांचे होते, हे लेखिकेच्या फार उशिरा ध्यानात आले. दुग्धपर्याय व शिशुआहार यांचे नियमन करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा, २००३ सालच्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या शिशुआहाराची जाहिरात करण्यास मनाई करतो. त्यामुळे त्या बारीक अक्षरांतील ‘दोन’ हा आकडा निव्वळ योगायोगाने तेथे आला असेल असे मानण्यास लेखिकेचे मन घेत नाही. घटकांच्या यादीत एका मापातील प्रथिने पाच ग्रॅमच्या आत आणि साखर त्याच्या दुपटीहून अधिक होती. पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गवारीतून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. लेखिकेचा डबा त्यापूर्वी संपला होता, आणि दुसराही.

दुसरा डबा संपता संपता मूल फिकट दिसू लागले, शौचास खडा होऊ लागला आणि जेवणाचे ताट समोर आले की मान फिरवू लागले. शहरातील एका बालरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न दुधाविषयी विचारला. “एक-दोन कप घेतो,” असे लेखिकेने सांगितले, कारण तिला ते खरेच तसे वाटत होते. घरी परतल्यावर मागील पडवीतल्या तारेवर धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या तिच्या नजरेस पडल्या. त्या भंगारवाल्यासाठी जमवल्या जात, आणि भंगारवाला पाच दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. चिमट्यांत अडकवलेल्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या दहा होत्या. चहाचे दूध वजा केले तरी दिवसाला पाऊण लिटर दूध एकट्या मुलाच्या पोटात जात होते, म्हणजे केवळ दुधातूनच चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने, गरजेच्या दुपटीहून अधिक. ज्या उणिवेवर दोन महिने उपचार चालला होता ती उणीव त्या घरात कधी नव्हतीच. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.१ आले, पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रचलित असलेली मर्यादा ११ आहे.

दुधात लोह जवळजवळ नसते, त्यातील कॅल्शियम आणि केसीन नावाची प्रथिने इतर अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, आणि दुधाने भरलेल्या पोटाला जेवणाची भूक लागत नाही. या तिन्ही कारणांनी अतिदुधाचा शेवट रक्तक्षयात, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन घटण्यात, होतो. मांसाहार न करणाऱ्या मुलाबाबत खरी काळजी या लोहाची करावयाची असते. त्याची दैनंदिन गरज ८ मिलीग्रॅम आहे, मांस-मासळीतील लोह शरीर सहज उचलते, वनस्पतींतील लोह मात्र अंगी लागण्यास अधिक खटपट करावी लागते. ही बाब एका मुलापुरती नाही: २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६७ टक्के भारतीय मुले रक्तक्षयी आढळली, आणि त्यांत मासे खाणाऱ्या घरांतील मुलेही आहेत. इतक्या व्यापक उणिवेविषयी न बोलता प्रथिनांविषयी बोलले जाते, कारण लोहाचे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते.

उपाय सांगावयाचे तर पहिला दुधाचा: दिवसभरात चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर, तेही पेल्यातून आणि जेवणाच्या वेळेपासून दूर, रात्रीची बाटली बंद करावी, त्यासाठी चार रात्रींचे रडणे सोसावे लागते, त्याला इलाज नाही. दुसरा उपाय कोकणच्या घरात डब्यात पडूनच असतो, तो म्हणजे कुळीथ. कुळीथ भाजून, भरडून, साले पाखडून केलेल्या पिठात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि लोहही चांगले असते. दोन मोठे चमचे पिठाची, तिखटाशिवाय, लसणाची फोडणी दिलेली पिठी मऊभातावर घातली आणि खाली उतरवल्यावर लिंबू पिळले, तर लिंबातील क जीवनसत्त्व त्या लोहाचे शोषण वाढविते. लेखिकेच्या मुलाने पिठी पहिल्याच दिवशी खाल्ली, याचे कारण चव नसून पोत असावा: ती गुळगुळीत असते, तिच्यात धागा नाही, काटा नाही. मासा नाकारणारी पुष्कळ मुले वस्तुतः धाग्याला आणि काट्याला घाबरलेली असतात. हे लक्षात घेतले तर मोड आणून साले काढलेले मूग, मऊ शिजवून घोटलेले वाल, अंडे फेटून केलेले घावण अशा वस्तू कोणत्या क्रमाने पुढे ठेवाव्यात हे कोणाला विचारावे लागत नाही.

दोन प्रिय समजुती येथे मोडाव्या लागतील. वरणाचे वरचे पाणी म्हणजे डाळीचा अर्क नव्हे; प्रथिने खाली बसलेल्या गाळात राहतात, म्हणून वरण घोटून घट्टच द्यावे. तसेच नाचणीचे सत्त्व हे नाव फसवे आहे, कारण भिजवून, वाटून, कापडातून गाळून जो पांढरा साका वाळवला जातो तो मुख्यतः पिष्ट असतो, आणि चोथ्याबरोबर तंतू, बरीचशी खनिजे आणि प्रथिने टाकून दिली जातात. मोड आणून भाजलेल्या सबंध नाचणीचे पीठ त्यापेक्षा कितीतरी सरस. शेंगदाणे कूट करून द्यावेत, पाच वर्षांखालील मुलाला अख्खा दाणा किंवा काजू देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बाकी ताजे, घरचे, विविध अन्न द्यावे वगैरे सर्वांना माहीत आहेच.

आहाराच्या आग्रहाविषयी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली विभागणी उपयुक्त आहे: काय, केव्हा आणि कोठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची जी स्वाभाविक भीती बळावते, तिला नवान्नभय म्हणता येईल. ती आठ-दहा किंवा पंधरा वेळा तेच अन्न सक्तीविना नुसते समोर आल्यावर हळूहळू सुटते. शिवाय पहिल्या वर्षी सहा किलोच्या आसपास वजन घेणारे मूल दुसऱ्या वर्षी जेमतेम अडीच किलो घेते, साहजिकच त्याची भूकही मंदावते, आणि नेमके याच वेळी नातेवाईक जागे होतात. त्यांच्याशी वाद घालू नये. मुलाच्या जेवणाच्या वेळी त्यांना चहा बाहेरच्या खोलीत द्यावा.

मुलाविषयी शंका असेल तर अंगणवाडीत जाऊन माता व बाल संरक्षण कार्डावर वजन नोंदवून घ्यावे, एका महिन्याच्या आकड्याने नव्हे तर तीन-चार महिन्यांच्या रेषेने निर्णय करावा, आणि मूल फिकट दिसत असेल तर प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. २०१८ पासून चालू असलेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांना लोह व फॉलिक ॲसिडचे औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर दिले जाते आणि ते आशाताईंकडे विनामूल्य मिळते. रक्तक्षय निघालाच तर मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. लेखिकेच्या मुलाला ते औषध, पिठी आणि दुधाची कपात यांवर हिमोग्लोबिन अकराच्या वर येण्यास तीन महिने लागले. डब्यांचे चौदाशे रुपये आणि सल्ल्याची फी परत मागितली असता ‘प्रत्येक मुलाची प्रकृती वेगळी असते’ असे उत्तर मिळाले. मूल आता साडेतीन वर्षांचे असून बांगड्याला अजूनही तोंड लावीत नाही.