गाडी तुमच्या नावावर, मग विमा कुणासाठी?



हल्ली गटातून कर्ज घेऊन स्कूटी, मोटारसायकल, छोटा टेम्पो घेणाऱ्या ताई वाढल्यात. कर्ज ताईच्या नावावर, म्हणून आरसी बुकही तिच्याच नावावर. चालवतात मात्र घरातले सगळे. बैठकीत विम्याचा विषय निघाला की प्रश्न येतोच, "गाडी आमची, पैसे आमचे, मग सरकारची सक्ती कशाला?" या महिन्याचा पाठ याच प्रश्नावर.

सक्ती नेमकी कशाची?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, हातपाय मोडला, तर त्याची भरपाई यातून होते. आपल्या गाडीची मोडतोड यात येत नाही. तो विमा काढायचा की नाही, ते आपण ठरवायचं.

सक्ती हवी का?

माझ्या मते हवीच. कामावरून पायी घरी येणाऱ्या ताईला धडक बसली, तर त्या गाडीचा विमा असणं-नसणं तिच्या हातात नव्हतं. धडक देणाऱ्याकडे पैसेच नसतील, तर न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर करूनही लेकरांच्या हाती काय येणार? घरकामालाही मोल धरून भरपाई ठरवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही सांगितलंय. पण ती देणारं कुणीतरी पाहिजे ना!

"हातावर पोट, हप्ता कुठून भरू?" हेही खरं आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये वर्षाला ७१४ रुपये ठरला, कर वेगळा. महिन्याला साठ-सत्तर रुपये पडतात. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

खरा धोका दंडापेक्षा मोठा आहे. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई चालवणाऱ्याबरोबर मालकाकडूनही वसूल होते. आरसी बुकवर तुमचं नाव, म्हणजे मालक तुम्ही. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते.

हे लक्षात ठेवा

१. दुचाकीवर मागे बसणारी व्यक्ती नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाही. आपण बहुतेक जणी मागेच बसतो! पॅकेज पॉलिसीबद्दल विचारा.
२. मालाच्या टेम्पोतून लग्नाला किंवा मजुरीला जाणाऱ्यांना त्या गाडीच्या विम्याचं संरक्षण नसतं.
३. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात गाडी देऊ नका. कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करू शकते.
४. नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. सहाव्या वर्षी तो आपणच काढायचा, बरेच जण विसरतात.
५. जुनी गाडी घेतली किंवा विकली, तर आरसी बुक आणि विमा दोन्हींवर नाव लगेच बदला.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गटात किती ताईंच्या नावावर गाडी आहे? विमा कोणत्या तारखेला संपतो? पॉलिसी काढून बघा आणि तारीख वहीत लिहा.
- गाडीसाठी अंतर्गत कर्ज देताना विम्याची प्रत घ्यायची, असा ठराव करता येईल का?
- हप्त्यासाठी दरमहा थोडी वेगळी बचत ठेवायची का?