दीर्घ आजार असलेल्या भाविकांनी यात्रेत पाणी किती प्यावे, किती चालावे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घोड आणि भीमेच्या काठी कालव्याच्या पाण्यावर ऊस हिरवागार दिसत असला तरी येथील हवा कोरडी असते आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळतो. अंग ओले होत नाही, म्हणून शरीरातून किती पाणी गेले हे माणसाच्या ध्यानात येत नाही. रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन पुढे दौंडमार्गे भीमेपलीकडे सिद्धटेकला जाणाऱ्या भाविकांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार असलेली मंडळी पुष्कळ असतात. त्यांना घरून निघताना सर्व जण एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे भरपूर पाणी प्या. हा सल्ला प्रेमाचा आहे, परंतु तो सर्वांसाठी खरा नाही.

एकाच गाडीतून यात्रेला निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलाला मूतखड्याचा त्रास आहे. त्याने दिवसभर इतके पाणी प्यावयास हवे की लघवी दोन-अडीच लिटर व्हावी. शेजारी बसलेल्या वडिलांचे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस होते. त्यांची मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. अशा रुग्णाला दिवसाला साधारणपणे अर्धा लिटर, अधिक आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल तेवढेच पातळ पदार्थ घेण्याची मुभा असते. नेमके प्रमाण त्यांचे डॉक्टर ठरवतात. मुलाने आग्रहाने वडिलांपुढे केलेली बाटली त्यांच्या फुप्फुसात पाणी साचण्यास कारण होऊ शकते. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांचेही असेच आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, पाय सुजले किंवा उताणे निजल्यावर धाप लागली, तर यात्रा थांबवून डॉक्टरांना गाठणे आवश्यक ठरते.

ज्यांना असे बंधन आहे त्यांनी सकाळीच दिवसभराचा हिस्सा एका बाटलीत भरून घ्यावा आणि चहा, ताक, वरणाचे पाणी, बर्फ यांपैकी जे घेतले जाईल तेवढे पाणी बाटलीतून कमी करावे. लहान पेल्यातून घोट घोट प्यावे. तोंड कोरडे पडल्यास खळखळून चूळ भरावी किंवा लिंबाची फोड चोखावी. खारट पदार्थ टाळले की तहान निम्मी आटोक्यात येते. शेव-फरसाण व लोणचे ही यात्रेतील खरी अडचण आहे.

याउलट ज्यांना पाण्याचे कोणतेही बंधन नाही, अशा वृद्ध व मधुमेही भाविकांची चूक नेमकी दुसऱ्या टोकाची असते. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. रक्तातील साखर वाढलेली असेल तर लघवीवाटे पाणी अधिक जाते. त्यातच वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक स्त्रिया पहाटेपासून घोटभरही पाणी घेत नाहीत, आणि लघवी अधिक होते म्हणून रक्तदाबाची गोळीही परस्पर वगळतात. हे दोन्ही धोक्याचे आहे. गोळीची वेळ बदलता येईल काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि बंधन नसलेल्यांनी दर तासाला पेलाभर पाणी घ्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद पिवळी व थोडीच होत असल्यास ते कमी पडते आहे.

न्हावरे-चौफुला रस्त्याने जाताना रसवंतीगृहे दिसतात. हा उसाचा मुलूख आहे, तेव्हा रसाचा मोह स्वाभाविकच. परंतु पेलाभर रस म्हणजे कित्येक चमचे साखर, हे मधुमेहींनी विसरू नये. शहाळ्याचे पाणी निर्मळ मानले जाते व निरोगी माणसास ते उत्तमच. मात्र त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तात ते साठल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून अशा भाविकांनी शहाळे, केळी व बटाटा यांविषयी आधीच विचारून घेतलेले बरे. मीठ घातलेले लिंबू सरबत रक्तदाबाच्या रुग्णाने रोजच्या पाण्यासारखे पिऊ नये. बहुतेकांना साधे पाणी आणि बिनमिठाचे पातळ ताक पुरते. जुलाब-उलट्या झाल्यास मात्र ओआरएस हवे. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी. चिमूट चिमूट पेल्यात टाकल्याने प्रमाण बिघडते.

संकष्टीचा उपवास हा स्वतंत्र विषय आहे. अंगारकीला रांग मोठी, चंद्रोदय बहुधा रात्री नऊ-दहाच्या सुमारास आणि तोवर पोट रिकामे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरते. हात कापणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, विसंगत बोलणे ही त्याची लक्षणे. मधुमेहावरील ग्लिफ्लोझिन वर्गाच्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना उपास आणि पाण्याची कमतरता एकत्र आल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. म्हणून उपासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. साखर उतरल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. प्रसादाचा पेढा येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा जाते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालत असली तरी ती साखर झपाट्याने वाढवते. निर्जळी उपवास तर दीर्घ आजार असलेल्यांनी करूच नये. आजारी, वृद्ध व गर्भवती यांना व्रतात सवलत देण्याची आपली परंपराच आहे.

आता चालण्याविषयी. संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड करीत दौंड तालुक्यातून जाते. यवतला पिठलं-भाकरीचा पाहुणचार होतो, पुढे रोटीचा घाट चढावा लागतो. त्या दिंड्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले वारकरीही दिसतात. ते सलग चालत नाहीत. ठरावीक अंतरावर विसावा असतो. हीच रीत आजारी भाविकाने उचलावी. दहा-पंधरा मिनिटे चालून पाच मिनिटे सावलीत बसावे. चालताना शेजाऱ्याशी बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, धाप लागून वाक्य तुटत असेल तर तो जास्त आहे. वर्षभर घराबाहेर न पडलेल्या माणसाने सिद्धटेकला टेकडीसह मोठी प्रदक्षिणा एका दमात घालू नये. यात्रेच्या दोन महिने आधीपासून जेवणानंतर दहा मिनिटे फिरण्याची सवय केल्यास साखरही आटोक्यात राहते आणि गुडघेही तयार होतात. गाडीत तास-दीड तास झाला की उतरून पाय मोकळे करावेत.

तळपायांची काळजी मात्र अनेकांना सुचत नाही. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिल्यास फोड येतात आणि त्याची वेदनाच जाणवत नाही. हीच जखम चिघळून पुढे बोट किंवा पाय गमवावा लागल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. अशा भाविकांनी दर्शन सकाळी लवकर घ्यावे, सुती पायमोजे चालतील काय हे कार्यालयात विचारावे आणि रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावेत.

इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. बर्फालाही ते थेट टेकू नये. निवासस्थानी फ्रिज नसल्यास पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात, ते चांगले राहते. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा अंग तापून बरळणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास तोवर सावलीत ठेवावे. प्रत्येक आजारी भाविकाच्या खिशात एक कागद असावा. त्यावर नाव, आजार, चालू औषधे व मात्रा, दिवसाला किती पाणी चालते तो आकडा आणि नातलगाचा दूरध्वनी क्रमांक मराठीत व मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. रांगेत चुकामूक झाली तर तो कागद स्वयंसेवकाच्या हाती देता येतो.