डेब, स्नॅप की फ्लॅटपॅक?

प्रश्न : उबुंटूवर एकच सॉफ्टवेअर तीन स्वरूपांत मिळते, मोबाइलचा डेटा मोजका असताना कोणते निवडावे?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : डेब, म्हणजे प्रोग्रॅम व त्याच्या स्थापनेची माहिती एकत्र बांधणारे डेबियनचे पॅकेज, प्रणालीतील सामायिक लायब्रऱ्याच वापरत असल्याने सहसा सर्वांत लहान असते, मात्र त्याची आवृत्ती जुनी असू शकते. फ्लॅटपॅक रनटाइम, म्हणजे अनेक अ‍ॅपना पुरणारा लायब्रऱ्यांचा पाया, प्रथम उतरवते, त्यामुळे पहिली स्थापना जड जाते. स्नॅपची अद्यतने आपोआप उतरतात, पण ती थांबवता येतात. २०२२ च्या उबुंटू २२.०४ पासून उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातील फायरफॉक्सचे डेब प्रत्यक्षात स्नॅपच बसवते, हे ध्यानात घ्यावे. म्हणून प्रथम डेब पाहावे आणि नवी आवृत्ती अपरिहार्य असल्यास महाविद्यालयाच्या वाय-फायवर फ्लॅटपॅक घ्यावे.