बारीक कामाचा फोटो : दुकानदारांसाठी काही सूचना

आमच्या सणसवाडीत कारखान्यांमुळे बाहेरगावची पुष्कळ कुटुंबे राहतात. लग्नाची पैठणी इथे पसंत केली तरी होकार गावाकडच्या वडीलधाऱ्यांचा लागतो, आणि त्यांना फोटो पाठवावा लागतो. एका लग्नसराईत आम्ही ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून फोटो काढला. जर पांढरीफटक दिसली, पदराची वीण पुसट. 'हे मशीनचे काम' असा निरोप आला व सौदा मोडला. माल अस्सल हातमागाचा होता. खोट आमच्या फोटोत होती.

हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत उलट बाजूला सुटे धागे दिसतात. म्हणून एकाच जागेचे सुलट व उलट असे दोन फोटो घ्यावेत. (औरंगाबादच्या हिमरूला हा नियम लावू नये. तिथे मागचे सुटे धागे ही विणण्याची रीतच आहे.)

आता कॅमेरा. डिजिटल कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असते, ते जवळच्या फोटोसाठी. ते लावावे. झूम करू नये. झूम पूर्ण मागे घेऊन कॅमेराच वस्तूजवळ न्यावा. बहुतेक छोटे कॅमेरे तसेच सर्वांत जवळचे टिपतात. बटण आधी अर्धे दाबावे, फोकस बसला की पूर्ण. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. तेव्हा कापड सपाट पसरावे आणि कॅमेरा त्याला समांतर धरावा. बटण, अंगठी असा उंचवट्याचा माल असेल आणि कॅमेऱ्यात सोय असेल, तर छिद्र एफ ८ पर्यंत लहान करावे. मग उजेड कमी पडतो, हात हलला की फोटो बिघडतो. स्टँड नसेल तर कॅमेरा ताग्यांच्या थप्पीवर टेकवून २ सेकंदांचा टायमर लावावा. आमचे काम त्यावरच चालते.

खरी मेहनत उजेडाची. फ्लॅश बंद, ट्यूबलाइटही बंद. दारातला सावलीचा उजेड एका बाजूने तिरका येऊ द्यावा, म्हणजे धागा न् धागा उठून दिसतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. रंगासाठी व्हाइट बॅलन्स कोऱ्या कागदावर ठरवावा. आमचा मोरपंखी एकदा निळा दिसला होता आणि गिऱ्हाईक तेच धरून बसले. बारीक विणीवर नसलेल्या लहरी उमटल्या तर कॅमेरा थोडा फिरवावा किंवा मागे घ्यावा.

कापडावर मोजपट्टी ठेवावी. १ इंचात किती धागे बसतात ते जाणकाराला मोजता येते. कुठे गाठ, डाग असेल तर त्याचाही फोटो सोबत द्यावा. फोटो पडद्यावर मोठा करून तपासल्याशिवाय पाठवू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर लहान होऊन जातो आणि वीण पुन्हा पुसट होते.