पिवळं कपाट घेण्याआधी

भिंगार, अहिल्यानगर

चि. बाळू यास,


वाळूजच्या प्लेटिंग कारखान्यात केमिकल स्टोअरचा चार्ज तुझ्याकडे आला, हे ताईकडून कळलं. मालक सामानावर खर्च करायला तयार आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. कोणतं कपाट घ्यावं, असं तू विचारलंस. त्याआधी स्टोअरमध्ये कोणत्या मालाच्या शेजारी कोणता माल आहे, ते कागदावर उतरव. प्लेटिंगमध्ये माल एकेकटा बहुधा सांभाळता येतो, घात होतो तो शेजारामुळे. सायनाइडला ॲसिड लागलं की जो वायू सुटतो, तो माणसाला काही मिनिटांत संपवतो. क्रोमिक ॲसिड थिनरच्या बोळ्यावर सांडलं, तर बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो.

तू छावणीच्या गावात वाढलास, दारूगोळा वेगळा का ठेवतात हे तुला सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीला त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरल्या होत्या. कापूस धुमसला आणि चारच्या सुमारास गोदी उडाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठीच.

आता कपाट. पिवळं, दुहेरी पत्र्याचं कपाट थिनर, पेंट अशा पेटणाऱ्या मालासाठीच असतं. बाहेर आग लागली तर साधारण १० मिनिटं आतली उष्णता मर्यादेत राहावी, या हिशेबाने ते बनवतात. ती मिनिटं माणसांना बाहेर पडायला आहेत, माल वाचवायला नाहीत. त्यात हायड्रोक्लोरिकचा कॅन ठेवलास तर वाफेने बिजागऱ्या गंजतील आणि दार नीट मिटणार नाही. ॲसिडला प्लॅस्टिकचं कपाट घे. सायनाइडला कोरडी, कुलपाची वेगळी खोली हवी, आणि तिथे ॲसिडचा थेंबही जाता कामा नये.

प्रत्येक ड्रमखाली गळती धरणारा ट्रे हवा. २०० लिटरच्या एका ड्रमला निदान २२० लिटर मावेल असा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: वर कपाटं वेगळी आणि खाली ट्रे किंवा गटार एकच. मग सांडलेलं ॲसिड आणि सायनाइड खाली जाऊन भेटतात. हे बघायला तू स्वतः वाकून गटार कुठे जातं ते पाहा, नुसतं विचारू नकोस.

सल्फ्युरिकचा ५० लिटरचा कॅन ९० किलोच्या वर जातो. तो ट्रॉलीवरूनच हलवायचा आणि माल काढायचा तो हातपंपाने, कॅन तिरपा करून नाही. थिनर ओतताना ड्रम आणि डबा दोन्हींना अर्थिंगची तार जोड. ॲसिड सांडलं की आपल्याकडे सवयीने लाकडाचा भुसा टाकतात. नायट्रिक किंवा क्रोमिकवर भुसा कधीही टाकायचा नाही, तोच पेटतो. कोरडी वाळू भरून ठेव.

आयवॉश आणि शॉवरबद्दल मात्र हट्ट धर. डोळा सलग १५ मिनिटं धुवायचा असतो. शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी ओढतो, म्हणजे तेवढ्या वेळात ११०० लिटरच्या वर. हजार लिटरची टाकी पुरत नाही. त्यात आपल्या भागातला उन्हाळा! मे महिन्यात दुपारी पत्र्यावरच्या टाकीचं पाणी हाताला सोसत नाही, मग डोळ्याला कसं सोसेल? टाकी सावलीत घे, पाइप झाकून घे, आणि दर आठवड्याला नळ सोडून बघ. नुसती यंत्रणा असून भागत नाही: भोपाळला १९८४ मध्ये गॅस गळला, तेव्हा तो थांबवणारी यंत्रणा कारखान्यात होती. पण गॅस थंड ठेवणारं यंत्र बंद होतं आणि तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप काढलेला होता.

कोटेशन येईपर्यंत एक काम पैशाशिवाय होईल. पाण्याच्या बाटलीत ॲसिड, थिनर काढून ठेवायची सवय कारखान्यात असेलच. त्या सगळ्या बाटल्या उद्याच गोळा कर आणि डब्यांवर मराठी-हिंदीत नाव लिहायला लाव.

तुझा,
मामा