निळा ठिपका आणि मळलेली वाट

रेंज गेली की जीपीएसही गेलं, असं मानणारे ट्रेकर अजून भरपूर भेटतात. पायथ्याच्या गावाअलीकडे टॉवर सुटला की ते फोन सॅकमध्ये टाकतात, आणि पठारावर धुकं उतरल्यावर त्यांना वाट सापडेनाशी होते. वास्तविक जीपीएसला सिमकार्डसुद्धा लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवत असतात. आपला फोन ते नुसते ऐकतो, आणि चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा ठरवतो. मोकळ्या आभाळाखाली ही जागा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असते. रेंजबरोबर जातं ते फक्त नकाशाचं चित्र. निळा ठिपका जागेवर असतो, त्याच्याखाली मात्र कोरा करडा पडदा दिसतो.

हा पडदा भरून काढायचं काम निघण्याआधी घरी, वायफायवर करायचं. गाडीरस्त्यासाठी गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर डोंगर चढू नका. इंटरनेट नसताना ते गाडीचा रस्ता सांगतं, चालण्याचा नाही. पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड घ्या. २००४मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप वापरणाऱ्यांनीच काढत आणलेला आहे. त्यामुळे राजगड, हरिश्चंद्रगडाच्या वाटा त्यावर दाट सापडतात आणि एखाद्या विसरलेल्या घाटवाटेच्या जागी नुसतं हिरवं रान दिसतं. समोच्च रेषा दाखवण्याची सोय चालू करा. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं. मात्र या रेषा बहुतेक वेळा २००० साली अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीवरून काढलेल्या असतात. वीस फुटांचा कातळटप्पा त्या मोजणीच्या जाळीतून सहज निसटतो. रेषा विरळ आहेत म्हणून दोर घरी ठेवणं शहाणपणाचं नाही.

गाडीतल्या नकाशात गडाचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका, आणि तेही तालुक्यासकट. 'आंबेवाडी' टाकलं तर अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याची आंबेवाडी मिळेलच असं नाही. महाराष्ट्रात आंबेवाड्या पुष्कळ आहेत. हरिश्चंद्रगडाची गंमत आणखी निराळी. सपाट नकाशावर बेलपाडा कोकणकड्याच्या अगदी जवळ दिसतं, पण मध्ये तो सबंध कडा उभा आहे. पाचनई, खिरेश्वर आणि बेलपाडा ही तिन्ही त्याच गडाची पायथ्याची गावं. पाचनईची चढण नवख्यांना झेपते, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जायचं तर दोर आणि माहीतगार माणूस हवा. फोनला हा फरक कळत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर आणखी सावध राहा. जानेवारी २०२१मध्ये कळसूबाईच्या परिसरात आलेली एक गाडी फोनवरचा जवळचा रस्ता धरून कोतूळजवळच्या पुलावर गेली. धरणाच्या पाण्याने तो पूल बुडालेला होता. चालकाचा जीव गेला. अनोळखी रस्ता अचानक रिकामा आणि कच्चा झाला तर गाडी थांबवून एखाद्या घरी विचारा, मग दोन वाजले असले तरी चालेल.

आता ट्रॅक. विकीलॉकसारख्या ठिकाणी आधी जाऊन आलेल्यांनी नोंदवलेल्या वाटा मिळतात. त्या वाटेची जीपीएक्स फाइल उतरवून ती आपल्या ऑफलाइन नकाशावर घालता येते. मिळाला तो पहिला ट्रॅक घेऊ नका. वाट चुकून तासभर भरकटलेल्या माणसानेही तो हौसेने चढवलेला असतो. एकाच वाटेचे तीन-चार ट्रॅक एकावर एक ठेवून पाहा. जिथे सगळे एकावर एक येतात तिथे मळलेली वाट आहे. जिथे ते विखुरतात तिथेच लोक चुकतात, आणि ती जागा आधीच खूण करून ठेवण्यासारखी. मध्येच फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेष दिसली तर तिथे कुणी चाललेलं नाही. नोंदवणाऱ्याचं ॲप झोपलं होतं. बॅटरी वाचवायला फोन मागचं ॲप परस्पर बंद करतो, म्हणून स्वतः नोंद करताना सेटिंग्जमध्ये त्या ॲपपुरती ही काटकसर बंद ठेवा.

ट्रॅक कोणत्या महिन्यातला आहे हेही पाहा. मे महिन्यात कोरड्या ओढ्यातून घेतलेली वाट जुलैत लोंढ्याखाली असते, आणि कारवी माजली की पदरातली पाऊलवाट दोन हातांवरूनही दिसत नाही. शिवाय रेष वाटेचा स्वभाव सांगत नाही. खांडसहून भीमाशंकरला जाणारे शिडी घाट आणि गणेश घाट पडद्यावर सारख्याच दोन रेघा दिसतात, पण शिडी घाट कितीतरी अवघड आहे. पावसाळ्यात गणेश घाटानेच जावं, हे मला तरी वादातीत वाटतं.

वाटेत फोन सारखा काढून पाहण्याची गरज नसते. फाटा आला, ओढा ओलांडला, पठार सोडून उतरायला लागलात, अशा वेळी पाहा. धुक्यातल्या पठारावर मात्र दर काही मिनिटांनी पाहा, कारण तिथे ढोरवाटा चहूकडे जातात आणि सगळ्याच खऱ्या वाटतात. ठिपका ट्रॅकपासून दूर सरकतोय असं दिसलं तर आल्या पावली मागे फिरा. पडद्यावर वाट हातभर अंतरावर दिसते म्हणून कारवीतून आडवं घुसणाऱ्यांना मध्ये लपलेली घळ दिसलेली नसते. अरुंद नाळेत ठिपका कड्याच्या पोटात उडी मारतो, कारण उपग्रहांचे संदेश दोन्ही बाजूंच्या कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. तिथे त्याच्यामागे धावू नका, आभाळ मोकळं मिळेपर्यंत डोळ्यांवर विसंबा. उंचीच्या आकड्यावर तर नेहमीच थोडा संशय ठेवावा. काही ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतात, आणि आपल्याकडे या दोहोंत साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. अलिबागच्या वाळूवर उणे साठ दिसलं, किंवा १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर १,५८०च्या आसपासचा आकडा आला, तर फोन बिघडलेला नाही.

शेवटच्या वाडीत थांबून विचारायला पर्याय नाही. पण 'मामा, गडाची वाट कुठली?' एवढंच विचारू नका. ते फोनही सांगेल. 'मामा, औंदाच्या पावसात वरची वाट ढासळलीय का? शिडी जाग्यावर हाय का? ओढ्याला पाणी किती?' हे विचारा. आणि मामांनी 'आज नका जाऊ' म्हटलं तर नका जाऊ.

बॅटरी खरी खातं ते टॉवर शोधणं. डोंगरात शिरताना विमान मोड लावा, त्यानंतर लोकेशन चालू आहे ना ते तपासा. त्याआधी, रेंज असतानाच, उघड्यावर दोन मिनिटं नकाशा उघडा ठेवा. उपग्रहांच्या जागांची माहिती फोन इंटरनेटवरून पटकन घेतो. नाहीतर ती उपग्रहांकडूनच सावकाश मिळवावी लागते. गटातला एक फोन पूर्ण चार्ज करून बंद ठेवावा. पावसाळ्यात ओला पडदा बोटाला दाद देत नाही, म्हणून झिपलॉक पिशवी आणि एक कोरडा रुमाल लागतोच. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ ठेवा. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडण्याचा धोका असेल तर ते सावध करतं. त्याला इंटरनेट लागतं, तेव्हा माथ्यावर ते गप्प असेल. वर जायचं की नाही हे खालीच ठरवा.

घरच्यांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन देऊन निर्धास्त होऊ नका. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि डेटा नसेल तर शेवटच्या ठिकाणी गोठतं. कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, एवढं आधीच साध्या शब्दांत लिहून पाठवा. परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडे सर्रास वापरली जाणारी, उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिलेला अशाच यंत्रामुळे अडवलं होतं. ते घरीच ठेवा.

अडचण आलीच तर पहिल्या फोनमध्ये आपल्या जागेचे आकडे सांगा. मे २०२२मध्ये लोणावळ्याजवळच्या जंगलात हरवलेल्या दिल्लीच्या तरुणाने घरी वाट चुकल्याचं कळवलं होतं. पुढे त्याचा फोन बंद पडला, आणि चार दिवसांनी शोधपथकांना त्याचा मृतदेहच सापडला. 'आजूबाजूला झाडी आहे' यावरून कुणालाही शोधता येत नाही. नकाशावर निळ्या ठिपक्याशेजारी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत पहिला आकडा १५ ते २१च्या दरम्यान आणि दुसरा ७३ किंवा ७४ने सुरू होणारा असतो. उलट असेल तर क्रम चुकला. दशांशात चार स्थळं सांगितली तर जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नक्की होते. अंश-मिनिटांची सरमिसळ करू नका. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, तेच १८.३० असं लिहिलं तर शोधणारे वीस-बावीस किलोमीटर दूर पोहोचतील.

इंटरनेट नसलं तरी साधा एसएमएस अनेकदा जातो. त्यात आकडे, किती जण आहेत, कुणाला काय लागलंय, पाणी आणि बॅटरी किती उरलीय, फोन कधी चालू असेल, एवढं लिहा. आपल्या कंपनीची रेंज नसेल, तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर ११२ लागू शकतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक आणि पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबर निघण्याआधीच साठवून ठेवा. निरोप पोहोचला की जागा सोडू नका, कारण शोधायला येणारे त्याच आकड्यांवर येणार आहेत. फोन बंद करून ठेवा आणि कळवलेल्या ठरावीक वेळीच, म्हणजे दर तासाला पाच मिनिटं, चालू करा.