मद्यत्यागाचे पहिले दिवस

श्रावण लागला की मद्य वर्ज्य करावयाचे, असा नेम महाराष्ट्रातील अनेक घरांत पाळला जातो. उत्तरेकडे नवरात्राचे नऊ दिवस, दक्षिणेकडे शबरीमलेच्या यात्रेपूर्वीचे एकेचाळीस दिवस, असेच नेम इतर प्रांतांतही आहेत. हे नेम स्तुत्य होत. वर्षातून एकदा का होईना, मनुष्य आपल्या सवयीपासून दोन पावले दूर उभा राहतो व तिच्याकडे पाहतो. परंतु या नेमांची एक बाजू अशी आहे की, जिचा विचार घरातील वडीलधारी मंडळी सहसा करीत नाहीत. सणासमारंभात क्वचित घेणाऱ्याला महिनाभर थांबणे कठीण जात नाही. जो वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी घेत आला आहे, त्याने आषाढातील अमावास्येच्या रात्री आकंठ प्यावे आणि दुसऱ्या सकाळपासून एकदम थांबावे, ही गोष्ट मात्र शरीराला नुसती कष्टाची नव्हे, प्रसंगी प्राणावर बेतणारी होते. (दिव्यांची पूजा सांगितलेल्या त्या तिथीला लोकांनी जे नाव दिले आहे, ते येथे न घेतलेलेच बरे.)

असे का व्हावे? मद्य हे उत्तेजक आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक ते मेंदूला मंद करणारे द्रव्य आहे. मेंदूत ज्ञानतंतूंना शांत करणारी आणि त्यांना चेतविणारी, अशी दोन्ही प्रकारची रसायने कार्य करीत असतात. मद्य पहिल्यांचे बळ वाढविते व दुसऱ्यांचे दाबून टाकते. प्रारंभीचा मोकळेपणा आणि मागाहून येणारी गुंगी ही त्याचीच फळे होत. परंतु रोज तोच भार पडू लागला की, मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेला जोर लावू लागतो. शांत करणारी यंत्रणा शिथिल होते, चेतविणारी अधिक तीव्र होते. गाड्याचे एक चाक खड्ड्यात असताना बैलांनी नेटाने ओढ धरावी, तशी ही स्थिती आहे. चाक अकस्मात् मोकळे झाले तर बैल तोंडावर पडतात. मद्य एकाएकी बंद झाले की चेतना अनावर होते, आणि हात कापण्यापासून झटके येण्यापर्यंतची सर्व लक्षणे त्या एका कारणातून निघतात.

रोज क्वार्टर घेणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. वय पंचेचाळीस, नोकरी चांगली, घरात शब्दाला मान, कोणी त्याला दारुडा म्हणणार नाही. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रम इत्यादी मद्यांत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे १८० मिलिलिटरच्या त्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. यकृत तासाला साधारणतः सात ते दहा ग्रॅम एवढाच त्याचा निकाल लावू शकते. रात्री नऊ वाजता ग्लास खाली ठेवला, तर पहाटेच्या सुमारास रक्त जवळजवळ मोकळे होते. म्हणूनच अशा मनुष्याला पहाटे चारला जाग येते, छाती धडधडते, अंगाला घाम सुटतो. तो समजतो की कामाची काळजी आहे. खरे पाहता तो रोज पहाटे थोडा थोडा मद्यत्याग अनुभवीत असतो आणि रोज संध्याकाळी त्यावर त्याच मद्याचा उतारा घेत असतो.

आता त्याने नेम धरला. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हातांना कंप सुटतो. चहाची बशी किणकिणते, सही करता येत नाही. मळमळ, डोकेदुखी, घाम, नाडीचा वेग, विनाकारण भीती आणि चिडचिड ही त्यामागोमाग येतात. रात्री झोप लागत नाही. लागलीच तर स्वप्ने भयंकर पडतात. बहुतेकांच्या बाबतीत ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला पोचतात आणि पाच ते सात दिवसांत ओसरतात. एवढ्यावर निभावले तर उत्तमच. परंतु काहींना पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येतात. काहींना शुद्ध असतानाच नसलेले आवाज ऐकू येतात किंवा भिंतीवर किडे चालताना दिसतात. आणि थोड्यांना, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तो दारुण सन्निपात होतो, ज्याला इंग्रज वैद्य थॉमस सटन याने १८१३ साली ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ असे नाव दिले. ज्वर येतो, दिवस-रात्र कळेनासे होते, बायकामुलांची ओळख राहत नाही, रुग्ण अंथरुणावरून उठून धावू पाहतो. उपचाराविना यात मृत्यू येऊ शकतो; वेळीच उपचार झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

ही सारी लक्षणे मद्याची नसून उपासमारीची व कुपोषणाची आहेत, असे एके काळी पुष्कळ डॉक्टरही मानीत. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्या मताला धक्का दिला. पूर्वी अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या दहा माणसांना तेथे रोज मोठ्या प्रमाणात मद्य देण्यात आले. आहार व जीवनसत्त्वेही पुरेशी दिली गेली. त्यांपैकी सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मद्य थांबविताच त्यांना कंप, घाम, निद्रानाश झालाच, शिवाय काहींना झटके व सन्निपातही झाला. माणसांवर असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘चांगले खातो-पितो, मला काय होणार’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाला त्यातून उत्तर मिळालेले आहे.

याहून मोठा आणि कोणी न ठरविलेला प्रसंग भारतानेच पाहिला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि मद्याची दुकाने एका रात्रीत बंद झाली. केरळमध्ये मद्य न मिळाल्याने काहींनी आत्महत्या केल्याच्या वार्ता आल्या. तेथील सरकारने डॉक्टरांच्या शिफारशीवर मद्य देण्याचा आदेश काढला; डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला, कारण या अवस्थेवरचे औषध मद्य नव्हे; आणि २ एप्रिल २०२० रोजी उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. बंगळुरूच्या डॉक्टरांनीही त्या काळात झटके व सन्निपात झालेले रुग्ण वाढल्याची नोंद केली. ज्यांना आपण व्यसनी आहोत हे ठाऊकच नव्हते, अशा कितीएकांना ते त्या आठवड्यात कळले असेल! केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना त्यासाठी साहाय्याची गरज आहे.

तेव्हा त्याग करू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःला एक प्रश्न विचारावा: सकाळी हात कापतात काय, आणि ते थांबविण्यासाठी घोटभर घ्यावे लागते काय? उत्तर होकारार्थी असेल तर घरच्या घरी एकदम थांबू नये. पूर्वी कधी झटका अथवा भ्रम झाला असेल, यकृताचा किंवा हृदयाचा विकार असेल, वय झाले असेल, किंवा घरात सोबत कोणी नसेल, तरीही हाच नियम. अशाने डॉक्टरांकडे जावे व रोजची मात्रा खरी सांगावी. निम्मी सांगण्याची रीत आहे. डॉक्टरही ती जाणून असतात, पण त्यांना अंदाजाने औषध ठरवावे लागते आणि त्यात धोका आहे. रुग्णालयात ज्ञानतंतूंना शांत करणारे औषध आधी पुरेसे देऊन मग काही दिवसांत उतरवीत नेतात. ही औषधे शेजाऱ्याकडून मागून घेण्याची नव्हेत. ती स्वतःच सवय लावणारी आहेत, आणि मद्यासोबत घेतल्यास श्वास मंद करतात.

आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते. ते अगदी संपले म्हणजे दृष्टी स्थिर राहत नाही, चाल लटपटते, बुद्धी गोंधळते. कार्ल वेर्निके याने १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. वेळीच थायमिन दिले नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते. अशक्तपणा दिसला की बाटलीने ग्लुकोज चढवून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. या रुग्णाला थायमिन त्यापूर्वी वा निदान त्यासोबत मिळाले पाहिजे, म्हणून तो मद्य घेत असे हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. हीच गोष्ट इतर कारणाने रुग्णालयात गेलेल्यांची. पाय मोडून खाटेवर पडलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलू लागतो. नातलग बाधा समजून अंगारा लावतात. आणि तो रोज पीत असे, हे लाजेखातर कोणी सांगत नाही. येथे लाज राखण्याच्या भरात माणूस गमावण्याची पाळी येते.

ज्याची मात्रा बेताची आहे आणि ज्याला वरीलपैकी कोणताही धोका नाही, त्याला डॉक्टरांना विचारून मात्रा क्रमाक्रमाने कमी करता येते. यासाठी डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. मापाने मोजावे आणि वहीत लिहावे. ठरलेल्या दिवसांनी थोडा थोडा, साधारण दहावा हिस्सा कमी करीत जावे. कंप किंवा घाम सुरू झाला तर घाई झाली असे समजून त्याच मात्रेवर थांबावे. व्हिस्की सोडून बियरवर आलो, असे समाधान मानणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा: आठ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बियरमध्येही ४० ग्रॅमच्या वर मद्यार्क भरतो. देशी दारूच्या किंवा हातभट्टीच्या बाबतीत मोजमापाला अर्थच राहत नाही. पाणी पुष्कळ प्यावे, जेवण चुकवू नये, चहा-कॉफी कमी करावी. आणि घरात कोणा एकाला तरी सर्व ठाऊक असावे. झटका, ताप, भ्रम किंवा न थांबणारी वांती यांपैकी काही दिसताच त्याने रात्र न पाहता रुग्णालय गाठावे.

काहींना हा सावकाशपणा म्हणजे दुबळेपणा वाटतो. गीतेच्या अभ्यासकाला तसे वाटण्याचे कारण नाही. सहाव्या अध्यायात मन आवरण्याची रीत सांगताना भगवंतांनी ‘हळूहळू’ या अर्थाचा शब्द द्विरुक्त करून योजिला आहे, आणि सतराव्या अध्यायात हट्टाने देहाला पीडा देणारे तप तामस ठरविले आहे. शरीर कोसळेल अशा रीतीने केलेला त्याग कोणत्या सदरात पडतो, हे त्यावरून ठरविता येते. शिवाय वैद्यकाचा एक अनुभव येथे विचारात घेण्यासारखा आहे. वारंवार एकदम सोडणे आणि पुन्हा धरणे असे चालले, तर प्रत्येक वेळी सोडतानाची लक्षणे अधिक तीव्र होऊ शकतात. पहिल्या वर्षी नुसता कंप सुटला, त्याला पुढे केव्हातरी झटका येतो. दरवर्षी महिनाभर सोडून गणपती विसर्जनानंतर पुन्हा सुरू करणाऱ्याने, ‘मी हवे तेव्हा सोडू शकतो’ हे आपले वाक्य या दृष्टीने तपासावे.

सात दिवस गेले म्हणजे कंप जातो, भूक लागते, चेहऱ्यावर पाणी दिसू लागते. घरचे म्हणतात, सुटला. पण झोप पूर्ववत् व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि संध्याकाळची ती वेळ झाली की मन उदास होते. विषय दूर केले तरी त्यांची गोडी मागे राहते, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, ते येथे अक्षरशः प्रत्ययास येते. अशा वेळी पत्नीने त्याच्या खिशांची झडती घेण्यापेक्षा सात वाजता त्याला घेऊन फिरावयास बाहेर पडावे, हे अधिक उपयोगी. ज्यांना कुटुंबाबाहेरचे साहाय्य हवे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीविषयीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे, पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थाही आहेत.

शेवटी त्या पुडीविषयी. ‘पिणाऱ्याला न कळता जेवणात मिसळा’ अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत काय असते, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. डायसल्फिरम नावाचे खरे औषध आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली त्याचा हा उपयोग जगापुढे मांडला. ते पोटात असताना मद्य घेतले तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि हृदय दुर्बळ असल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. चोरून भाजीत कालविणाऱ्या पत्नीचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी संध्याकाळी नेहमीप्रमाणे ग्लास हाती घेणाऱ्या पतीला आपल्या पोटात काय आहे, याची कल्पना नसते.